मुरगळलेला घोटा आणि सप्लिमेंटचा डबा

घोट्याचं लिगामेंट (हाडं एकमेकांना जोडणारा पट्टा) ताणलं गेलं, मांडीमागचा स्नायू फाटला किंवा टाचेमागची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) ठणकायला लागली, की हल्ली उपचारांच्या यादीत एक डबा हमखास असतो. कोलॅजन (ऊतींना मजबुती देणारं तंतुमय प्रथिन), क जीवनसत्त्व, झिंक, ओमेगा-३ (माशाच्या तेलातलं स्निग्ध द्रव्य), कर्क्युमिन (हळदीतलं द्रव्य), प्रोटीन पावडर. कधी सुटं सुटं, कधी सगळं एकत्र कालवून भारदस्त नावाखाली. व्यायामाचा कागद दुसऱ्या आठवड्यात गहाळ होतो, डबा मात्र तळाला चमचा लागेपर्यंत संपवला जातो. सप्लिमेंट्सना या दुखापतींत जागा आहे, हे आधीच मान्य करू. पण ती जागा लहान आहे: शरीरात खरोखर काही कमी पडतंय तिथे, आणि दुखावलेल्या ऊतीवर भार पडतो त्या वेळेच्या आसपास. त्यापलीकडचा मोठा बाजार औषधाच्या भाषेत बोलतो आणि तपासणीची वेळ आली की ‘आम्ही तर अन्नपदार्थ’ म्हणून बाजूला होतो. ही मुभा काढून घ्यायला हवी.

आधी ऊतीत काय घडतं ते पाहू. पहिले काही दिवस दाहाचे. रक्तस्राव थांबतो, पांढऱ्या पेशी तुटलेल्या तंतूंचा कचरा उचलतात आणि पुढच्या पेशींना बोलावणाऱ्या रसायनांची सोय करतात. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून दोन-तीन आठवडे फायब्रोब्लास्ट पेशी घाईघाईने कोलॅजन तयार करतात. हे बरंचसं तिसऱ्या प्रकारचं, बारीक आणि अस्ताव्यस्त असतं. त्याची जागा पहिल्या प्रकारचं जाड, मजबूत कोलॅजन घेतं आणि तंतू ओढीच्या दिशेने लागतात, ते पुढच्या कित्येक महिन्यांत. मोठ्या दुखापतीत वर्षही उलटतं. या शेवटच्या टप्प्यात तंतू कुठल्या दिशेने लागायचे हे ठरतं ते त्यांच्यावर पडणाऱ्या भारामुळे. रक्तात कितीही कच्चा माल फिरत असला तरी ते काम तो करत नाही.

कंडरेच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. १९५५ ते १९६३ दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला आणि त्या काळात वाढणाऱ्या मुलांच्या शरीरात तो जमा झाला; जी ऊती नंतर बदलत नाही, तिच्यात तो तसाच राहतो. त्याचाच आधार घेऊन डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं की टाचेच्या कंडरेचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि त्यानंतर जवळपास बदलतच नाही. ‘रोज एक चमचा घ्या, कंडरा नवी होत राहते’ हा दावा निरोगी माणसाच्या बाबतीत इथेच कोलमडतो. दुखावलेल्या भागात नवी ऊती तयार होते हे खरं, पण तिथे रक्तपुरवठा बेताचा. पोषक द्रव्यं आत शिरतात ती बऱ्याच अंशी, असं मानलं जातं, कंडरेवर ताण येऊन सुटताना, ओला स्पंज पिळून सोडला की तो पुन्हा पाणी ओढतो तशी. म्हणून कोलॅजन घेऊन दिवसभर पाय उशीवर ठेवून पडून राहणाऱ्याला त्याचा उपयोग झाला नाही, तर नवल नाही.

क जीवनसत्त्वाची बाजू या सगळ्यात सर्वांत भक्कम, आणि तिचाच सर्वांत जास्त गैरवापर होतो. कोलॅजनच्या साखळीतल्या प्रोलीन आणि लायसीन या अमिनो आम्लांवर (प्रथिनाच्या घटकांवर) हायड्रॉक्सिल गट बसवणाऱ्या एन्झाइम्सना हे जीवनसत्त्व लागतं. ते नसेल तर तिपेडी वळ नीट बसत नाही आणि तंतू ढिले राहतात. जॉन क्रँडन या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९३९-४० मध्ये स्वतःवरच प्रयोग केला. त्याने सहा महिने क जीवनसत्त्व नसलेला आहार घेतला. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम केलेली जखम नेहमीसारखी भरली. सहा महिन्यांनी केलेली दुसरी मात्र भरली नाही. वरची कातडी तेवढी जुळली, आत रक्ताची गुठळी तशीच राहिली. शिरेतून क जीवनसत्त्व दिल्यावर ती भरू लागली. या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग जाहिरातीत कधी येत नाही: रक्तातलं क जीवनसत्त्व जवळपास शून्यावर आलेलं असतानाही तीन महिन्यांपर्यंत जखम भरत होती. म्हणजे टोकाची कमतरता घातक आहे, पण ती भरून निघाल्यावर आणखी ओतलं तर जखम आणखी लवकर भरते, असं यातून निघत नाही.

मात्रेचंही तसंच. दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅमच्या आसपास रक्तातली पातळी जवळपास भरते. त्यावरचं आतड्यातून कमी शोषलं जातं आणि शोषलेलं लघवीवाटे निघून जातं. १००० मिलिग्रॅमच्या गोळीतला मोठा वाटा असा फुकट जातो. मुतखड्याची प्रवृत्ती असणाऱ्याला तर वाढलेलं ऑक्झलेट (खडे बनवणारं द्रव्य) त्रासदायक ठरू शकतं. शिवाय रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व एकत्र दिल्यावर व्यायामातून शरीरात होणारे काही इष्ट बदलच दबले, असं २००९ सालच्या एका जर्मन प्रयोगात दिसलं. पुनर्वसनाचा सगळा डोलारा ज्या बदलांवर उभा आहे, त्यांनाच लगाम घालणारी गोळी पुनर्वसनासाठी म्हणून खपते. धूम्रपान करणाऱ्यांना दिवसाला सुमारे ३५ मिलिग्रॅम जास्त लागतं, महिनोनमहिने फळं-भाज्या न खाणाऱ्यांची पातळी खालावलेली असू शकते. अशांना पूरक जरूर द्यावं. इतरांना ताजी फळं पुरतात.

आता कोलॅजन. ज्या प्रयोगावर हा सगळा बाजार उभा राहिला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ऑस्ट्रेलियात आठ निरोगी तरुणांना ५ किंवा १५ ग्रॅम जिलेटिन (कोलॅजन शिजवून मिळणारा पदार्थ) किंवा नुसतं दिसायला तसंच पेय दिलं. सोबत ४८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. तासाभराने सहा मिनिटं दोरीवरच्या उड्या. हे दिवसातून तीनदा, तीन दिवस. १५ ग्रॅमवाल्या फेरीत रक्तातलं कोलॅजननिर्मितीचं एक सूचक दुप्पट झालं. प्रयोग चतुराईने आखलेला होता, पण त्याची मर्यादा उघड आहे. त्यातल्या कुणालाही दुखापत नव्हती. शिवाय मोजलेलं सूचक मोठ्या प्रमाणावर हाडांतून येतं, त्यामुळे वाढ कंडरेत झाली की उड्यांमुळे हाडात, हे त्यावरून सांगता येत नाही. पुढच्या छोट्या चाचण्यांत कुठे फायदा दिसला, कुठे नाही. एवढ्या आधारावर ‘करून पाहायला हरकत नाही’ म्हणता येतं. ‘लिगामेंट भरून निघतं’ म्हणता येत नाही.

करूनच पाहायचं असेल तर प्रयोगातल्यासारखं तरी करावं. १५ ग्रॅम जिलेटिन किंवा कोलॅजन पेप्टाइड (बारीक तुकडे केलेलं कोलॅजन), म्हणजे जवळपास दोन सपाट मोठे चमचे. पण चमच्याचा भरवसा नको, वजनकाट्यावर तोलावं. जिलेटिन गरम द्रवात विरघळतं आणि थंड झाल्यावर घट्ट होतं, पेप्टाइडची पावडर गार पाण्यातही विरघळते. क जीवनसत्त्व उकळत्या द्रवात घालू नये, उष्णतेने ते नासतं. पेय कोमट झाल्यावर सुमारे ५० मिलिग्रॅम मिसळावं. हे घेतल्यावर पाऊण ते एक तासाने, अमिनो आम्लांची रक्तातली पातळी वर असताना, फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेला पाच-दहा मिनिटांचा भार. टाचेच्या कंडरेसाठी ते टाचा उचलून ३० ते ४५ सेकंद स्थिर धरण्याचे पाच फेरे असू शकतात. नंतर सहाएक तासांची विश्रांती. लोक बरोबर उलटं करतात: झोपताना कोलॅजन, व्यायाम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, जमला तर.

कॅप्सूल घेणाऱ्यांनी एक भागाकार करावा. एका कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम असेल तर १५ ग्रॅमसाठी दिवसाला ३० कॅप्सूल लागतील. डब्यावर ‘रोज दोन’ लिहिलेलं असतं. ‘वनस्पतिजन्य कोलॅजन’ नावाच्या वस्तूंत तर बहुधा कोलॅजन नसतंच, कारण कोलॅजन हे प्राण्यांच्या शरीरातलं प्रथिन आहे. आत असतात ती सुटी अमिनो आम्लं आणि क जीवनसत्त्व.

लेबलची खरी कलाकुसर युरोपातल्या नियमांत दिसते. २०११ साली युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांध्यांसाठी कोलॅजन हायड्रोलायझेटचा (म्हणजे कोलॅजन पेप्टाइडचाच) दावा फेटाळला. कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही असं म्हटलं. क जीवनसत्त्व कोलॅजनच्या सामान्य निर्मितीला हातभार लावतं, हा दावा मात्र मंजूर आहे, आणि तो लिहिण्यासाठी ८० मिलिग्रॅमच्या संदर्भमात्रेच्या १५ टक्के, म्हणजे जेमतेम १२ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरतं. मग काय होतं? कोलॅजनच्या पावडरीत चिमूटभर क जीवनसत्त्व पडतं, डब्यावर मंजूर वाक्य छापलं जातं आणि वाचणाऱ्याला वाटतं की ते कोलॅजनबद्दल आहे. एक शब्दही खोटा नाही, तरी सगळं मिळून दिशाभूल.

या सगळ्या झगमगाटात जे सर्वांत महत्त्वाचं, ते मागे पडतं: एकूण प्रथिनं आणि एकूण उष्मांक. पाय प्लास्टरमध्ये गेला की स्नायू भराभर उतरतो. निरोगी तरुणांवरच्या एका प्रयोगात पाच दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार सुमारे ३.५ टक्के आणि ताकद ९ टक्के घटली. १४ दिवसांत आकार ८ टक्क्यांहून जास्त आणि ताकद २३ टक्के. न हलणारा स्नायू खाल्लेल्या प्रथिनांना पुरेसा प्रतिसादही देत नाही. म्हणून एरवीचं किलोमागे ०.८ ग्रॅम हे प्रमाण इथे अपुरं पडतं, १.६ ते २.२ ग्रॅम धरावं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी अर्थातच हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

६० किलोच्या माणसाचा हिशेब मांडू. १.६ ने ९६ ग्रॅम होतात. चार खाण्यांत विभागले तर प्रत्येकी २४. प्रत्यक्षात बहुतेकांचं कसं असतं? सकाळी ८, दुपारी १८, संध्याकाळी काही नाही, रात्री ३५: एकूण ६१. म्हणजे ३५ ग्रॅम कमी, आणि जे आहे तेही एका जेवणात कोंबलेलं. स्नायूबांधणी सुरू व्हायला एका वेळी साधारण अडीच ते तीन ग्रॅम ल्युसीन हे अमिनो आम्ल लागतं, आणि सकाळच्या ८ ग्रॅम प्रथिनांत ते मिळणं शक्य नाही. इथे प्रोटीन पावडरचा उपयोग आहे: भूक मेलेल्या वृद्धाला, जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर चावता न येणाऱ्याला, सकाळी काहीच न जाणाऱ्याला. पण मग ती पावडर म्हणजे जेवणाचाच एक भाग, त्यात जादू नाही. दूध, अंडी, मासे, डाळी यांतून तेवढंच मिळत असेल तर डब्याची गरज उरत नाही. मापातल्या चमच्यात ३० ग्रॅम पावडर असते याचा अर्थ ३० ग्रॅम प्रथिनं असा नव्हे. पाठीमागचा तक्ता पाहावा, आकडा १५ ते २५ च्या दरम्यान कुठेही असू शकतो.

आणि कोलॅजनचे १५ ग्रॅम या ९६ मध्ये धरू नयेत. त्यात ट्रिप्टोफॅन (हेही एक अमिनो आम्ल) नाही आणि ल्युसीन फार कमी. स्नायूंसाठी ते निकृष्ट प्रथिन आहे. ‘मी दिवसाला दोनदा प्रोटीन घेतो’ म्हणणाऱ्याच्या हातात कोलॅजनचा डबा निघतो, तेव्हा स्नायू का भरत नाही याचं कारण समोरच असतं.

प्रथिनं पुरेशी घेतली की स्नायू वाचतो, असंही नाही. वृद्ध पुरुषांचा एक पाय पाच दिवस प्लास्टरमध्ये ठेवून दिवसातून दोनदा जादा प्रथिनं दिली, तरी घट तेवढीच झाली. जोवर स्नायू आवळला जात नाही तोवर पुरवठा वाढवून फारसं काही हाती लागत नाही. प्लास्टरच्या आतही जागच्या जागी आवळण्याचे व्यायाम करून घेतात ते यासाठी. वजन वाढेल या धास्तीने जेवण अर्ध्यावर आणणं ही तर सर्वांत महागात पडणारी चूक. कुबड्यांवर चालायला साध्या चालण्याच्या दुप्पट-तिप्पट ऊर्जा लागते, ऊती बांधायलाही लागते. उष्मांक कमी पडले की खाल्लेली प्रथिनं इंधन म्हणून जळतात आणि महागडी पावडर चुलीत जाते.

झिंकची गोष्ट तर बोलकी आहे. झिंक कमी असेल तर जखम रेंगाळते, हे खरं. प्रौढाची रोजची गरज ८ ते ११ मिलिग्रॅम, वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम. गोळ्या सर्रास ५० च्या मिळतात. महिनोनमहिने इतकं झिंक घेतलं की आतड्यात तांब्याचं शोषण अडतं. आणि कोलॅजनचे तंतू एकमेकांना आडवे बांधणारं लायसिल ऑक्सिडेझ हे एन्झाइम तांब्याशिवाय चालत नाही. म्हणजे ऊती मजबूत व्हावी म्हणून घेतलेली गोळी तिच्या मजबुतीच्या मुळावरच येऊ शकते. ‘जीवनसत्त्वं-खनिजंच तर आहेत’ म्हणणाऱ्यांनी एवढं एक उदाहरण लक्षात ठेवावं.

दाह कमी करणाऱ्या सप्लिमेंट्सचा घोळ वेगळा. कर्क्युमिन, अननसातलं ब्रोमेलेन आणि मोठ्या मात्रेतलं माशाचं तेल नेमकं पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू केलं जातं, जेव्हा दाहाचं काम चालू असतं आणि आत रक्त साचत असतं. बर्फ-विश्रांतीचं सूत्र १९७८ मध्ये रूढ करणाऱ्या डॉ. गेब मर्किन यांनीच २०१४ साली लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे भरून येणं लांबू शकतं. दाहाकडे पाहण्याची दृष्टी एवढी बदलली आहे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर या कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नयेत, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांनाही सांगाव्यात. शोषण वाढावं म्हणून मिरीतलं पायपरीन घातलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. ओमेगा-३ बाबतचा आशादायक प्रयोगही नीट वाचावा: २० तरुणींत दिवसाला ५ ग्रॅमच्या मात्रेने बांधून ठेवलेल्या पायातली स्नायूघट कमी झाली, पण तेल पाय बांधण्याच्या चार आठवडे आधीपासून चालू होतं. ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी हे विचारात घेता येईल. उद्या पाय मुरगळणार हे आज कुणाला कळतं?

क्रिएटिनला (स्नायूंना ऊर्जा पुरवणाऱ्या द्रव्याला) मात्र हे सगळे आक्षेप तितकेसे लागू होत नाहीत. २००१ सालच्या एका प्रयोगात दोन आठवडे पाय बांधून नंतर दहा आठवडे व्यायाम करवला. क्रिएटिन घेणाऱ्यांचा स्नायू बांधलेल्या काळात तेवढाच उतरला, पण व्यायामाच्या काळात लवकर भरला. गुडघ्याच्या एसीएल (आतल्या एका मुख्य लिगामेंटच्या) शस्त्रक्रियेनंतरच्या चाचणीत मात्र फायदा दिसला नाही. त्यामुळे फार अपेक्षा न ठेवता, प्लास्टर निघून ताकदीचे व्यायाम सुरू झाल्यावर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम घ्यायला निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाला हरकत नसावी. वजन किलो-दोन किलो वाढतं, ते पाणी असतं. रक्त तपासायला देताना क्रिएटिन चालू असल्याचं सांगावं, नाहीतर वाढलेलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम जोखायला मोजतात ते द्रव्य) पाहून उगाच मूत्रपिंडाच्या तपासण्या मागे लागतात. लिगामेंट आणि कंडरेसाठी त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. ग्लुकोसामीन या सप्लिमेंटचा वाद संधिवातातला, तो इथे आणण्याचं कारणच नाही.

‘फायदा नसेल, पण तोटा तर नाही ना?’ हा युक्तिवाद सर्वांत जास्त ऐकू येतो. तोटा आहे. जर्मनीतल्या कोलोन इथल्या प्रयोगशाळेने १३ देशांतून घेतलेले ६३४ नमुने तपासले तेव्हा ९४ मध्ये, म्हणजे जवळपास १५ टक्क्यांत, लेबलवर नसलेली हार्मोनसदृश द्रव्यं सापडली. उत्तेजक चाचणीत सापडलेल्या खेळाडूला ‘डब्यावर लिहिलं नव्हतं’ हे म्हणून सुटता येत नाही. त्याने निदान बॅचनिहाय तपासलेलं उत्पादनच घ्यावं. पण त्याहून मोठा तोटा खोट्या आश्वासनाचा. टाचेमागे कुणीतरी काठी मारल्यासारखं वाटलं आणि चालणं लटपटीत झालं, तर पोटावर झोपवून पोटरी दाबून पाहावी; पाऊल खाली हललं नाही तर कंडरा पूर्ण तुटलेली असण्याची दाट शक्यता असते. अशा वेळी तीन आठवडे कोलॅजन घेत वाट पाहिली, तर तुटलेली टोकं आखडून लांब जातात आणि सोपी शस्त्रक्रिया अवघड होते.

म्हणून नियमनाकडून मागण्या साध्या आहेत. ज्या प्रयोगाचा आधार घेतला त्यातली रोजची मात्रा आणि डब्यातली मात्रा शेजारी शेजारी छापा. प्रयोग निरोगी लोकांवर होता की दुखापत झालेल्यांवर, हे लिहा. एका घटकासाठी मंजूर झालेलं वाक्य दुसऱ्या घटकाच्या नावाजवळ छापू देऊ नका. आणि ‘दुखापत’, ‘लिगामेंट’, ‘कंडरा’ हे शब्द वापरायचे असतील तर पुरावाही औषधाच्या तोडीचा मागा.

दवाखान्यांनाही यातून सुटका नाही. डबा लिहून देण्याआधी तीन दिवसांच्या खाण्याची नोंद मागवावी, प्रथिनांची बेरीज करावी, शंका असेल तर ड जीवनसत्त्व आणि लोह तपासावं. कमतरता सापडली तर ती भरावी. ठरावीक मात्रेत, आणि थांबवण्याची तारीख लिहून. कोलॅजन द्यायचंच असेल तर ते १२ आठवड्यांच्या भार-कार्यक्रमाला जोडून द्यावं आणि दर दोन आठवड्यांनी दुखऱ्या पायावर टाच किती वेळा उचलता येते ते चांगल्या पायाशी ताडून पाहावं. सहाव्या आठवड्यात चांगला पाय २५ वेळा आणि दुखरा ८ वर अडकला असेल, तर पावडर वाढवू नये. व्यायाम किती वेळा होतो, किती वजनाने होतो आणि दुखतं म्हणून कुठे सोडला जातो, हे विचारावं.